हरण्याची अट

आमच्या घरात ठामपणे बोलायची चोरी होती. "आज मुंबईची बोट उशिरा लागणार," एवढं साधं कोणी म्हणालं तरी वडील जेवता जेवता हात थांबवून विचारत, "हरण्याची अट?" म्हणजे असं की, काय घडलं तर तू चुकलास हे कबूल करशील ते आधी सांग आणि मग बोल. अट सांगता आली नाही तर ते बोलणं म्हणजे नुसती तोंडची वाफ. पाहुणे गोंधळून जात. आई तर लग्नानंतर वर्षभर हा काहीतरी कोर्टातला शब्द आहे असंच समजत होती.

वडील रत्नागिरीत हायस्कुलात शास्त्र शिकवत. एकोणीसशे तिसाच्या आसपासची ही गोष्ट. मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते आणि वर्गात मुली आम्ही दोघीच. शास्त्र म्हणजे परीक्षानळ्या आणि चुंबक असं मला वाटे. वडील म्हणत, त्या सगळ्या नंतरच्या गोष्टी. ज्योतिषी सांगतो, यंदा त्रास आहे. झाला तर त्याचं खरं झालं, नाही झाला तर पूर्वपुण्याई आड आली. "हा माणूस हरणार कधी?" असं ते विचारत. "जो हरूच शकत नाही, त्याला काही ठाऊक नसतं."

आणि ते हे नुसतं दुसऱ्यांना ऐकवत नसत, हे इथेच सांगून ठेवते, कारण पुढच्या सगळ्याला त्याचाच आधार आहे. आमच्या शेजारी एक आंब्याच्या कलमांचे बागायतदार राहत. कलमाखाली धूर केला की मोहर लवकर येतो, असं त्यांनी एकदा सांगितलं. वडिलांनी त्यांना वेड्यात काढलं. मग अट ठरली. तीन कलमांना धूर द्यायचा, तीन तशीच ठेवायची. धुराची आधी मोहरली तर वडिलांनी त्यांच्या आवाराच्या फाटकाशी, बेड्याशी उभं राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं "मी हरलो" म्हणायचं. धुराची आधी मोहरली. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेचा लांब कोट आणि टोपी घालून वडील त्या बेड्याशी गेले आणि वर्गात हजेरी घेताना जो आवाज लावत त्या आवाजात म्हणाले, "मी हरलो." आई लाजेनं आठ दिवस विहिरीवर गेली नाही. वडील मात्र खुशीत होते. एक नवी गोष्ट कळली, म्हणत होते.

असा माणूस घरात होता. त्याला नुसतं एक वाक्य सांगायचं होतं, आणि ते मी सांगितलं नाही.

थोरल्या भावाचं लग्न झालं आणि वहिनी जयगडच्या बाजूनं आमच्याकडे आली. भाऊ मुंबईत एका कचेरीत कारकून होता आणि चार जणांत एक खोली घेऊन राहत होता, त्यामुळे बायको रत्नागिरीतच. वहिनी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. पण मी तिला अगं-तुगं करायची आणि ती मला 'वन्सं' आणि 'तुम्ही' म्हणायची. तिला मराठी चौथीपर्यंतची अक्षरं येत होती. मला ती मठ्ठ वाटे. ती बोटं मोडून बेरीज करी, आणि मी ते मैत्रिणीला नक्कल करून दाखवी. हे मला आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मजाच वाटत होती.

वर्षभरानं तिच्या पोटात कळ यायला लागली. बेंबीच्या उजव्या अंगाला हात दाबून ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात अंगाची जुडी करून पडे. ओरडत नसे. नुसता घाम येई आणि ओठ पांढरे पडत. आईनं ओवा दिला, हिंग लावला, शेक दिला. मग आई देवळात कौल लावायला गेली. आमच्याकडे देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि गुरव देवाला प्रश्न घालतो. उजवीकडची पाकळी आधी पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. माहेरच्या वाटेवरची काही बाधा आहे काय, असं गुरवानं विचारलं आणि पाकळी उजवी पडली. त्यानं अंगारा दिला. कळ आली की चिमूटभर कपाळाला लावायचा आणि चिमूटभर पाण्यातून द्यायचा.

आणि अंगारा लागू पडला. अर्ध्या-पाऊण तासात वहिनी उठून बसे, तोंड धुई आणि चुलीपाशी जाई. आईनं आळीभर सांगितलं. गुरवाकडे आणखी चार बायका जायला लागल्या.

वडिलांचं डोकं फिरलं. वहिनीवर नाही, गुरवावर. त्यांनी त्याला ओटीवर बोलावून अट विचारली. गुरव शांतपणे म्हणाला की अंगाऱ्यानं गुण येतोच, आणि नाही आला तर सोवळ्यात काही चुकलं असेल. वडील आत येऊन म्हणाले, हा हरणारा माणूस नव्हे.

प्रयोगाची कल्पना माझी. त्याचं श्रेय मला कोणी नाकारलं नाही, आणि आज मला ते कोणी काढून घेईल तर हवं आहे. मी वडिलांना म्हटलं, अंगाऱ्याच्या चार पुड्या करू आणि चुलीतल्या राखेच्या चार. कुठली कुठली ते देणाऱ्यालाही ठाऊक नको आणि घेणाऱ्यालाही नको. वडिलांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पुढे बीएस्सीचा निकाल लागला तेव्हाही तसं पाहिलं नाही.

मी फार निगुतीनं काम केलं. आमच्या चुलीत नारळाची सोडणं, वरची सालं, जळत. त्यांची राख मी मलमलीतून गाळली. अंगाऱ्याला धुपाचा वास होता म्हणून राखेची वाटी आठ दिवस देवघरात धुपाटण्याशेजारी ठेवली. रंग थोडा काळपट होता, त्यात शेणीची पांढरी राख मिसळून दोन्ही एकसारख्या केल्या. वहीच्या कागदाच्या आठ पुड्या बांधल्या, आतल्या घडीवर आकडे घातले आणि कुठल्या आकड्यात काय आहे तो कागद वडिलांनी आपल्या पेटीत कुलपात ठेवला. पुड्या वडिलांनीच उलटसुलट करून आईच्या हाती दिल्या. त्यांत काय आहे हे आईला ठाऊक नव्हतं. तिला सांगितलं की अंगारा दमट होतो म्हणून पुड्या केल्या आहेत. वडिलांचं घड्याळ माझ्याकडे. कळ आली की मी घड्याळ घेऊन वहिनीच्या उशाशी बसायची आणि ती उठून बसेपर्यंतची मिनिटं मांडायची.

वहिनीला वाटलं, मी तिच्याजवळ मायेनं बसते. एकदा कळ ओसरल्यावर तिनं माझा हात धरला आणि म्हणाली की सख्खी बहीणसुद्धा इतकं बसत नाही. मी हात सोडवून घेतला, कारण मला मिनिटं लिहायची होती.

आठ पुड्या संपायला दिवाळीपासून माघापर्यंतचे दिवस लागले. वडिलांनी पेटी उघडली, कागद काढला. राखेनंही ती तितक्याच वेळात उठली होती, अंगाऱ्यानंही तितक्याच. किंबहुना सगळ्यात लवकर उठली ती राखेच्या एका पुडीनं. मी नाचायचीच बाकी राहिले.

वडिलांनी गुरवाला, शेजारच्या बागायतदारांना आणि शाळेतल्या दोन मास्तरांना संध्याकाळी ओटीवर बोलावलं. आधी प्रयोग समजावून सांगितला, मग कागद वाचला. शेवटचं वाक्य त्यांनी फार तोलून लिहिलं होतं: अंगारा आणि चुलीतली राख यांच्या गुणात आम्हांस फरक आढळला नाही. एवढंच. त्यापुढे एक अक्षर नाही.

तेवढ्यात आईनं, नेमकं काय चाललं आहे ते न कळून, वहिनीला पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर पाठवलं. ती दारात आली आणि सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. मी सतरा वर्षांची होते, सगळी पुरुषमाणसं माझ्या प्रयोगाबद्दल बोलत होती आणि माझ्या अंगात वारं शिरलं होतं. मी म्हटलं, "म्हणजे कळ नव्हतीच. चुलीतल्या राखेनं जाते ती कसली कळ?"

कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. वडील हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहून तोंड उघडलं, तेवढ्यात एका मास्तरांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली, मुलगी हुशार आहे हो, पुढे शिकवा, म्हणाले; आणि वडिलांचं तोंड पुन्हा मिटलं. त्यांना जे म्हणायचं होतं ते मला ठाऊक आहे. प्रयोग अंगाऱ्यावर होता. कळीवर आम्ही प्रयोग केलाच नव्हता. पण कौतुक कानांवर आलं की विचार जरा मागे राहतो, शास्त्राच्या मास्तरांचासुद्धा.

गुरव तेवढा गंभीर होता. तो उठता उठता म्हणाला, "मास्तरानू, अंगारा कंचा आन राख कंची, ता तुमी बगा. बाईची कळ थांबली ना? मग आमचा काय चुकला?" आणि चप्पल घालून निघून गेला. देवळातली गर्दी एकानंही कमी झाली नाही. लोक म्हणायला लागले, त्या गुरवाचा हात असा आहे की चुलीच्या राखेलासुद्धा गुण येतो. तो हरला नाही.

हरली वहिनी. दारात तांब्या धरून उभी होती ती, कोणी पाणी घेईना. मग तिनं तांब्या उंबऱ्याशी ठेवला आणि आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून घरात तिची कळ संपली. म्हणजे आम्ही संपवली. ती कोपऱ्यात पडली की आई म्हणे, "उठा आता, किती वेळ सोंग?" आई तशी दुष्ट नव्हती. पण चार महिने आपल्याला सुनेनं फसवलं, आळीत आपलं हसं केलं, हे तिच्या डोक्यातून जाईना. भावाला पत्र गेलं. त्याचं उत्तर आलं की तिला कामाला जुंपा म्हणजे नाटकं थांबतील. ते पत्र आईनं वहिनीलाच वाचायला दिलं. नवऱ्याचं अक्षर बघून ती आधी हसली होती. विळीवर बसली होती, तशीच बसून तिनं ते दोनदा वाचलं.

विहिरीचं पाणी, भात कांडणं, गोठा, सगळं तिच्याकडे आलं. मी अभ्यास करत असायची. परीक्षा जवळ आली होती आणि वडिलांनी जाहीर केलं होतं की पास झाले तर मला पुण्याला कॉलेजात पाठवायचं, शास्त्रच घ्यायला लावायचं. नातेवाईकांनी नाकं मुरडली तेव्हा त्यांनी त्या आठ पुड्यांची गोष्ट त्यांच्या तोंडावर फेकली. माझं पुण्याला जाणं त्या पुड्यांवर उभं होतं.

एका दुपारी वहिनी माझ्याकडे आली. पांढरी फटक पडली होती आणि भिंतीला धरून चालत होती. म्हणाली, "वन्सं, ती राखच द्या. तिनं थांबत होती ना?"

मी चुलीतली चिमूटभर राख पाण्यात घालून दिली. देताना मला हसू आवरत नव्हतं. तिनं डोळे मिटून पाणी घेतलं, कपाळाला राख लावली आणि भिंतीशी बसून राहिली. अर्धा तास गेला, तास गेला. काही झालं नाही. होणार कसं? ती राख आहे हे आता तिला ठाऊक होतं. जी एक गोष्ट तिला अर्ध्या तासात उठून बसवत होती, ती आम्ही मलमलीतून गाळून, आकडे घालून, तिच्याकडून काढून घेतली होती. बदल्यात काही दिलं नव्हतं. माझ्या मनात मात्र तेव्हा एवढंच आलं, की बघा, सोंग उघडं पडल्यावर औषधही चालेना.

चैत्रात एका संध्याकाळी, मी अंगणात पुस्तक घेऊन बसले होते, तेव्हा ती समोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात लोणच्याची एक रिकामी बरणी होती.

"वन्सं, माझ्याकडं बघून तुम्हाला कळतं ना हो, दुखतंय की नाही ते?"

मी म्हटलं, कळतं. सोंग लगेच ओळखू येतं.

"मग हरण्याची अट सांगा."

तिच्या तोंडी तो शब्द ऐकून मला धक्काच बसला. आमच्या घरात कोणी सुनेला अट विचारली नव्हती आणि सुनेनं कोणाला विचारलेली तर आठवतच नाही. पण मला मागे हटता येईना. तिनं सगळा विचार करून ठेवला होता. पंधरा दिवस मी रोज दिवेलागणीला वहीत लिहायचं, आज वहिनीला कळ होती की नव्हती. ती ज्या दिवशी कळ असेल त्या दिवशी बरणीत एक चिंचोका टाकील आणि चिंचोक्याला चुन्याचं बोट लावून त्यावर तिथीचा आकडा घालील. कळ असली तरी ती कण्हणार नाही, झोपणार नाही, काही दाखवणार नाही. पंधराव्या दिवशी वही आणि बरणी शेजारी शेजारी ठेवायची. माझं निम्म्याहून जास्त चुकलं, तर मी त्याच ओटीवर, त्याच माणसांसमोर वडिलांना सांगायचं की कळ खरी आहे आणि हिला घाटावर मोठ्या डॉक्टरांना दाखवायला न्या.

बोटं मोडून बेरीज करणाऱ्या बाईनं हे रचलं होतं. माझ्या प्रयोगात एक भोक होतं, कुठलीच पुडी न देता कळ किती वेळात जाते, ते आम्ही एकदाही पाहिलं नव्हतं. तिच्या प्रयोगात एक भोक मला दिसलं, पण ते मी तेव्हा बोलले नाही. ठेवून दिलं.

ते पंधरा दिवस पापडांचे होते. उडदाचं पीठ कुटायला आळीतल्या बायका आमच्याकडे जमत. मी डोळ्यांत तेल घालून तिच्यावर नजर ठेवली. जेवते किती, वाकते कशी, घाम येतो का. एक दिवस ती जरा गप्प वाटली, मी लिहिलं, आहे. दुसऱ्या दिवशी ताट अर्धं टाकलं, लिहिलं, आहे. वद्य नवमीच्या दिवशी तर तिनं दोन घमेली पीठ कुटलं, सगळ्या बायकांना ठेका धरून ओव्या म्हणून दाखवल्या, शेजारणीनं काही चावट बोलल्यावर पदर तोंडाला लावून हसली. मी त्या रात्रीच्या जेवणाआधीच लिहून टाकलं, नाही. आणि खाली रेघ मारली.

पंधराव्या दिवशी परसदारी आम्ही दोघी बसलो. तिनं बरणी पालथी केली. सात चिंचोके होते. सातांतला एक मला सापडला होता. ज्या दिवशी गप्प होती त्या दिवशी तिला माहेरची आठवण आली होती, कळ नव्हती. ताट टाकलं त्या दिवशी भाजी खारट झाली होती. मी लिहिलेल्या पंधरा ओळींतल्या आठ चुकल्या होत्या.

नवमीचा चिंचोका तिनं वेगळा काढून माझ्यापुढे ठेवला. त्याला दोन्ही अंगांनी चुना लावलेला होता.

"ह्या दिवशी मला वाटलं, मी जाते," ती म्हणाली. सांगतानाही तिचा आवाज साधाच होता, मीठ संपलं आहे असं सांगावं तसा.

मी हरले होते. सरळ, स्वच्छ, अट ठरवून हरले होते. माझ्या जागी वडील असते तर त्याच पावली कोट चढवून ओटीवर गेले असते. आणि ते आतच होते, वह्या तपासत. मी चार पावलं जाऊन सांगितलं असतं, तर त्यांनी त्याच आठवड्यात मोटार ठरवून तिला घाटावर नेलं असतं, आणि ओटीवर सगळ्यांना बोलावून स्वतःही हरले असते. याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती.

पण मग आठ पुड्यांचं काय? मग नातेवाईक म्हणणार, पोरीचं शास्त्र बघा. मग पुणं कुठलं? मी वही मिटली आणि ठेवून दिलेलं ते भोक बाहेर काढलं. म्हटलं, "चिंचोके तू खरे टाकलेस कशावरून? मागाहून टाकता येतात."

ती म्हणाली, "तुमच्या पुड्यांत काय होतं, ते मला तरी कुठं ठाऊक होतं? मी घेतल्याच ना."

तिनं चिंचोके एकेक करून बरणीत टाकले, बरणीला फडकं बांधलं आणि गुरांना पाणी दाखवायला गेली. सोवळ्यात काही चुकलं असेल असं गुरव म्हणाला तेव्हा आम्ही त्याला हसलो होतो. मी वेगळं काय केलं? तो बिचारा निदान पोटापाण्यासाठी करत होता.

जूनमध्ये बोटी बंद व्हायच्या आत मी मुंबईमार्गे पुण्याला गेले. निघताना वहिनीनं माझ्या ओटीत नारळ घातला आणि वाकून नमस्कार केला. मी लहान, तरी नणंद. मी पुढच्या वर्षी सुटीला आले तेव्हा ती वाळली होती, पण कामात होती. आम्ही बोललो ते आंब्यांबद्दल आणि पावसाबद्दल. कळीचं नाव तिनंही काढलं नाही, मीही काढलं नाही. मला वाटलं, चला, थांबली असेल. मला तसं वाटून घ्यायचं होतं.

त्याच श्रावणात वडिलांचं पत्र आलं. वहिनीला दोन दिवस कळ होती. पहिला दिवस तिनं कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी विहिरीवर पडली तेव्हा डॉक्टरांना आणलं. त्यांनी पोटाला हात लावला आणि वडिलांना बाहेर नेऊन सांगितलं की आत काहीतरी फुटलं आहे, आणि हे दुखणं आजचं नव्हे, पुष्कळ दिवसांचं आहे. कोणी लक्ष कसं दिलं नाही? बोटी बंद, घाटात दरड, नेणार कुठे? पहाटे ती गेली. वडिलांनी शेवटी लिहिलं होतं, आपला काही प्रयोग चुकला काय, याचा विचार करतो आहे.

दिवाळीत मी घरी गेले. आई वहिनीची ट्रंक आवरत होती. दोन लुगडी, एक फणी, भावाचं ते पत्र घडी घालून ठेवलेलं. आणि तळाशी लोणच्याची बरणी, फडकं बांधलेली. आईनं फडकं सोडलं. बरणी गळ्यापर्यंत चिंचोक्यांनी भरली होती. वरच्या थरातले बहुतेक दोन्ही अंगांनी पांढरे होते.

माझ्या लक्षात आलं. मी पुण्यात परीक्षानळ्या धुत होते तेव्हा ती इथे प्रयोग पुढे चालवत होती. एकटीच. बरणी होती, वही नव्हती. दिवेलागणीला आपल्याकडे बघून काहीतरी लिहिणारं, चुकीचं का होईना, कोणी नव्हतं तिच्याजवळ. मी मोजायला हात घातला आणि काढून घेतला.

"वेडी बाई," आई म्हणाली आणि तिला रडू आलं. "कशाला जमवले असतील? असू दे, चिकटवायची खळ करायला होतील. ह्यांच्या वह्यांच्या पाठी सुटल्यात." आईला टाकून देणं कधी जमलं नाही.

वडील दारात उभे होते. सुटीनंतरच्या सहा महिन्यांत ते फार म्हातारे दिसायला लागले होते. त्यांनी एक चिंचोका उचलला, चष्मा वर करून डोळ्यांजवळ धरला. चुन्यातला आकडा त्यांना दिसला असावा. त्यांनी तो उजेडात फिरवला, मग दुसरा उचलला. प्रयोगशाळेत एखादी गोष्ट मनात आली की ते असंच करत.

"ह्यावर तिथी घातल्यात," ते म्हणाले. "हे काय असेल गं? तुला काही म्हणाली होती?"

आयुष्यात त्यांनी मला विचारलेला हा शेवटचा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर जगात एकट्या मला ठाऊक होतं.

"नाही," मी म्हटलं. "खेळायला असतील."

त्यांनी दोन्ही चिंचोके बरणीत परत टाकले. दुपारी मी चुना धुऊन काढला आणि ते सगळे जात्यावर भरडून आईला दिले.